इतर स्रोतांपासून

जुलैची एकोणतीस तारीख.
रामदासपेठेत जिन्याखालचं लांजेवार सरांचं ऑफिस,
कूलरमधलं पाणी संपलंय, पंखा नुसता फिरतोय.
माझ्या आधी इतवारीचे एक कापडवाले,
पिशवीभर बिलं घेऊन.
मग मी.
फोल्डरमध्ये फॉर्म सोळा
आणि कौटुंबिक न्यायालयाच्या हुकमाची झेरॉक्स,
शिक्क्याच्या जागी काळाकुट्ट डाग.

सरांनी थेट रकमेचं पान काढलं.
"महिन्याला भेटते ताई, का एकमुस्त भेटली?"
महिन्याला.
"मंग टॅक्स लागन जी. एकमुस्त घेतली असती
तर नसता लागला. वकिलानं सांगतलं नाही काय?"
वकिलानं पुष्कळ सांगितलं होतं.
मी तेव्हा खिडकीतून
खाली लावलेली त्याची गाडी बघत होते,
मागच्या काचेवर इराचं फुलपाखरू अजून आहे का ते.

रकाना उघडला: इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न.
बचत खात्याचं व्याज तीनशे अठरा.
त्याच्या खाली बारा महिन्यांची पोटगी.
अकरा वर्षं ज्याच्या डब्यासाठी मेथी निवडली
तो आता इतर स्रोत.
मला हसू आलं.
सरांना वाटलं, बेरीज चुकली.

पासवर्ड?
माहीत नाही. दरवर्षी तोच भरायचा.
"सही कर" म्हणायचा,
मी पोळी अर्धी लाटून यायची.
बंगलोरच्या पत्त्यावर माझ्या सहीसोबत
थोडी कणीकही गेली असेल.

नवा पासवर्ड करायचा तर ओटीपी,
ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर.
पडद्यावर शेवटचे तीन आकडे: चार सात एक.
माझे नाहीत.
"पंधरा मिंटं हायेत ताई. लावा फोन."

सात महिन्यांनी लावला.
पहिल्याच रिंगला उचलला, दचकून:
"इरा ठीक आहे न?"
ठीक आहे. तुला एक ओटीपी आला असेल.
मागे कुकरची शिट्टी झाली.
मी मोजली, उगाच.
त्यानं आकडे सांगितले, दोन-दोनच्या जोडीनं,
गॅसचा नंबर लिहून घे म्हणायचा तेव्हासारखे.
सरांनी टाइप केले.
दुसरी शिट्टी. तिसरी.

मला वाटलं, ठेवेल.
म्हणाला, "इराच्या नावची एफडी आहे न, आईनं ठेवलेली.
तिचं व्याज मी माझ्यात दाखवायचो.
यंदापासून तुझ्यात दाखव.
नियमच आहे तसा.
वेगळं झाल्यावर, जो लेकराला सांभाळते
त्याच्यात."

त्याच्या वकिलाच्या एकोणीस पानी उत्तरात
मुद्दा क्रमांक सात असा होता:
आई नोकरी करते, मुलीची आबाळ होते.
मला तो पाठ आहे, स्वल्पविरामासकट.
दोन वर्षं तारखा झाल्या,
जिथे ऐकायचं होतं तिथे कुणी बोललं नाही,
आणि आज हे, चौथ्या शिट्टीच्या आवाजात,
आयकराच्या कलमातून.

बरं, म्हणाले. ठेवला.

व्याज दोन हजार एकशे चाळीस.
"पंधराशेची सूट राहते," सर म्हणाले,
"पण जुन्या पद्धतीत. तुमची नवी.
किरकोळ आहे, विचारते कोण? राहू द्यायचं काय?"
नाही.
दाखवा.
सगळं दाखवा, माझ्यात.

मोबाइल नंबर बदलून घेतला.
पावतीवर मात्र अजून वृंदा उमाठे.
आधी आधार, मग पॅन, मग बँक,
आडनाव परत मिळायलाही रांग आहे म्हणे.
वैरागडे पुढच्या वर्षी.

बाहेर स्कूटीची सीट तापलेली.
शाळा सुटायला वीस मिनिटं.
त्याचा मेसेज आला: डाळ करपली.

रात्रभर मीठ-पाणी घालून ठेव,
सकाळी सुटते.
एवढं टाइप केलं,
पुसलं,
आणि शंकरनगर चौकातून उजवीकडे वळले.